तिकीट खरे की खोटे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, भिलाई-३ येथे मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आम्हां तिकीटवेड्यांना बोलावल्याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. आम्ही चौघेजण दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयाच्या खिडकीपाशी बसतो. समोर चिमटे, भिंगे, एक काळी बशी आणि जुन्या पाकिटांचा ढीग असतो. येणारेजाणारे सभासद आमच्याकडे कौतुकाने, क्वचित कीवेनेही पाहतात. एकाने तर सरळ विचारले होते, “वापरून झालेली तिकिटे जपून तुम्हांला मिळते तरी काय?” ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी आजही नाही. परंतु मध्यंतरी असा एक प्रसंग घडला की, एका वापरलेल्या तिकिटाच्या खरेखोटेपणावर एका घरचे मोठे बेत येऊन थांबले. त्या घरच्या मंडळींच्या संमतीने तो प्रसंग आपल्यासमोर ठेवावा, आणि त्या निमित्ताने तिकिटाची पारख कशी करतात हे सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आपल्या वस्तीतील एक काकू त्यांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला होते. तरुणपणी ते वऱ्हाडातून इकडे आले आणि इकडचेच झाले. निवृत्तीनंतर पंधराएक वर्षे ते आमच्याबरोबर ह्याच खिडकीपाशी बसत असत. त्यांना जाऊन वर्ष झाले होते. काकूंनी पिशवीतून कापडी पाठीचा एक जाड अल्बम काढला. त्यातली बहुतेक पाने आमच्या परिचयाची होती. मुलाने मात्र शेवटून दुसरे पान उघडले, आणि ते पान आम्ही कधीच पाहिलेले नव्हते. पानावर एकच तिकीट होते : गांधीजींचे, दहा रुपयांचे, टपाल शिक्का बसलेले, आणि त्यावर काळ्या शाईत ‘सर्व्हिस’ हा इंग्रजी शब्द छापलेला.

हे तिकीट काय आहे, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, भारत सरकारने गांधीजींची चार तिकिटे काढली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती स्वित्झर्लंडमधील कूर्व्हॉझिए ह्या छापखान्यात छापली गेली. त्यांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरीत आणि उर्दूतही आहे. दहा रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. साध्या पत्राला एवढे मोठे तिकीट कुणी लावीत नसे. त्यामुळे ते मुळातच कमी खपले. त्यातून, दहा रुपयांच्या अवघ्या शंभर तिकिटांवर गव्हर्नर-जनरलच्या कचेरीच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ असे छापण्यात आले. आधुनिक भारताच्या तिकिटांत ह्याहून दुर्मिळ असे फार थोडे आहे. २०१७ साली अशा चार तिकिटांची एक सलग पट्टी लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स ह्या पेढीने पाच लाख पौंडांना विकली.

मुलाने ही बातमी वाचली होती. त्याच्या मुलीला, म्हणजे काकूंच्या नातीला, शिक्षणासाठी बाहेरगावी पाठवायचे होते. बँकेच्या कर्जाचे कागद तयार होते. परंतु हे पान हाती लागल्यापासून त्याने सही करण्याचे लांबणीवर टाकले होते. तो म्हणाला, “काका, तुम्ही फक्त खरे आहे म्हणा, पुढचे मी पाहतो.”

आमची दृष्टी मात्र तिकिटाखालच्या दोन शब्दांवर गेली. पेन्सिलीने, आमच्या मित्राच्या त्या बारीक, सरळ अक्षरांत लिहिले होते : ‘तपासून घ्यावे.’

मित्रहो, आपण भिलाईकर. कसोटीवाचून कशालाही खरे मानायचे नाही, हे आपल्याला निराळे शिकवावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून ह्या गावाचा संसार पोलादावर चालला आहे. आमच्यापैकी एकाचे सारे आयुष्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेले. ते नेहमी सांगतात की, पोलादाची परीक्षा दोन प्रकारची असते. एकीत नमुना ताणून ताणून तोडायचा आणि तो किती भार सोसतो ते पाहायचे. दुसरीत रुळाला धक्का न लावता त्यातून श्राव्यातीत ध्वनीच्या लहरी सोडायच्या आणि आतली चीर हुडकायची. तिकिटाची परीक्षा ही नेहमी दुसऱ्या प्रकारची. तपासताना तिकिटाचा एक दाता जरी मोडला, तरी ते खरे ठरूनही निम्म्या मोलाचे होते. म्हणून पहिला नियम असा की, तिकीट बोटांनी धरू नये, चिमट्याने धरावे. आणि काही कळण्याआधी त्याला पाणी लावू नये.

दुसरी एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. सर्व तिकिटांना लागू पडेल अशी एकच कसोटी नाही. आपल्या देशातील, किंबहुना सबंध आशियातील, पहिली तिकिटे म्हणजे ‘सिंध डाक’. १८५२ साली सिंधचे आयुक्त बार्टल फ्रिअर ह्यांनी ती काढली. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या तिकिटांवर कंपनी सरकारची व्यापारी खूण उठावदार ठशाने उमटवलेली होती. काही पांढऱ्या कागदावर, काही निळ्या रंगात आणि काही तर तांबड्या लाखेसारख्या ठिसूळ चकत्यांवर. त्यांना दाते नाहीत. दाते मोजून त्यांची पारख करू पाहणारा फसायचाच. १८५४ साली सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली आणि सिंध डाक बंद झाली; तिच्या नकला मात्र अजून बंद झालेल्या नाहीत. म्हणून आधी तिकीट कोणते, कुठे आणि कशा पद्धतीने छापलेले, हे विश्वसनीय सूचीवरून पक्के करायचे, आणि मगच त्याला प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न कागदाला. जुन्या तिकिटांच्या कागदात जलचिन्ह असे. म्हणजे कागद तयार होतानाच त्याच्या अंगात उमटलेली एक फिकट आकृती. हिंदुस्थानच्या तिकिटांत १८६५ पासून हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह आले, १८८२ पासून ताऱ्याचे. आणि १९२६ साली आपल्या नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात तिकिटे छापली जाऊ लागली, तेव्हा कागदावर अनेक ताऱ्यांची ओळ दिसू लागली. तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवून त्यावर शुद्ध बेंझिनचे दोन थेंब टाकले की, ही आकृती क्षणभर उमटते आणि बेंझिन उडताच नाहीशी होते. तारा असावयास हवा तेथे कागद कोरा निघाला, तर पुढे काही पाहण्याचे कारण उरत नाही. बेंझिन पेट घेते, म्हणून हे काम देवघराजवळ किंवा शेगडीजवळ करू नये. आणि काही प्रकारच्या शाईला, विशेषतः फोटोग्रॅव्हूर पद्धतीने छापलेल्या तिकिटांच्या शाईला, ते बाधू शकते, म्हणून तेथे हा प्रयोग टाळावा. कागदाला आणखीही एका रीतीने बोलते करता येते. अलीकडच्या काळात कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात जी द्रव्ये घालतात, ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळचे म्हणून दिलेले तिकीट त्या दिव्याखाली नव्या सदऱ्यासारखे झळकू लागले, तर समजावे की हा कागद राणीने पाहिलेला नाही.

दुसरा प्रश्न दात्यांना. दोन सेंटिमीटर लांबीत किती दाते बसतात, ह्यावर तिकिटाचे माप ठरते. त्यासाठी एक साधी पट्टी मिळते. पुष्कळदा तिकिटाची फाटकी कड कापून नवे दाते पाडलेले असतात. ते मापात बसत नाहीत, किंवा समोरासमोरच्या कडा समांतर राहत नाहीत.

तिसरा प्रश्न छपाईला. येथे चांगले भिंग हवे. कोरीव पत्र्यावरून छापलेल्या तिकिटाची रेघ बोटाला नव्हे, पण नजरेला किंचित वर आलेली जाणवते. उठावाच्या ठशाने छापलेल्यात शाई रेघेच्या कडेला दाटते आणि मागल्या बाजूस थोडा दाब दिसतो. शिळाछापाची छपाई सपाट असते. फोटोग्रॅव्हूरमध्ये चित्राच्या छटा अगदी बारीक, सारख्या जाळीतून आलेल्या दिसतात. तर आजच्या साध्या ऑफसेट नकलेत रंगीत ठिपक्यांचे गुच्छ दिसतात, वर्तमानपत्रातल्या रंगीत चित्रात दिसतात तसे. छपाईची पद्धतच वेगळी निघाली, तर चित्र कितीही हुबेहूब असो, ते तिकीट नकली.

चौथा प्रश्न बारीक अक्षरांना. ह्याची एक मोठी बोधप्रद हकिकत आहे. इंग्लंडच्या जुन्या तिकिटांच्या कोपऱ्यांत अक्षरे असत. २४० तिकिटांच्या पानात ओळीप्रमाणे एक अक्षर आणि रकान्याप्रमाणे दुसरे, अशी ती बदलत जात, आणि हा बंदोबस्त बनावटीविरुद्धच होता. १८७२-७३ च्या सुमारास लंडनच्या शेअरबाजारातील तारकचेरीत एक शिलिंगाची बनावट तिकिटे तारांच्या कागदांवर चिकटवली जात होती. ती कुणाच्याही ध्यानात आली नाहीत. पंचवीस वर्षांनी, १८९८ साली, जुन्या तारांचे कागद चाळताना चार्ल्स निसेन ह्या व्यापाऱ्याच्या नजरेस ती पडली. त्यांत जलचिन्ह तर नव्हतेच. शिवाय काहींच्या कोपऱ्यांत अशी अक्षरे होती की, तशी जोडी खऱ्या पानात कुठेच येऊ शकत नव्हती. बनवणाऱ्याने चित्राची नक्कल केली. त्या अक्षरांमागचा हिशेब मात्र त्याला ठाऊक नव्हता.

पाचवा प्रश्न अधिमुद्रणाला, म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर मागाहून छापलेल्या अक्षरांना. आपल्या मराठी संस्थानांची तिकिटे जमविणाऱ्यांना ह्याचा अनुभव नेहमीचा आहे. होळकरांच्या इंदूरने स्वतःची स्वतंत्र तिकिटे काढली. शिंद्यांच्या ग्वाल्हेरने मात्र १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवरच संस्थानाचे नाव देवनागरीत आणि इंग्रजीत छापून घेतले. त्या छपाईत देवनागरी नावाची लांबी सगळीकडे सारखी नाही, आणि एका खेपेत तर इंग्रजी नावातील ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडलेला आहे. ही चूक असलेले तिकीट साध्या तिकिटाच्या अनेकपट किमतीला जाते. म्हणजे काय झाले? खाली दोन पैशांचे खरे तिकीट घ्यायचे, वर चार अक्षरे खोटी छापायची. कागद खरा, दाते खरे, जलचिन्ह खरे. खोटे आहे ते फक्त वरचे. अशा वेळी अक्षरांची उंची, त्यांच्यातील अंतर, शाईचा कस आणि दाब हेच पाहावे लागते.

सहावा प्रश्न टपाल शिक्क्याला. ह्याचे उत्तम उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. गाडीने तासाभराच्या अंतरावरचे राजनांदगाव पूर्वी संस्थान होते. रतनपूरला बिंबाजी भोसले असताना ह्या बैरागी महंतांच्या परंपरेचा इकडे उदय झाला, आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलात त्यांच्याकडे जमीनदाऱ्या आल्या. महंत बलराम दास ह्यांच्या काळात, १८९१-९२ च्या सुमारास, नांदगाव संस्थानाने स्वतःची तिकिटे काढली. १८९५ पर्यंत ती चालली आणि संपली. त्यांना दाते नाहीत, मागे डिंक नाही. काहींवर लंबवर्तुळात ‘एम. बी. डी.’ ही अक्षरे उमटवलेली आहेत. ती महंत बलराम दासांचीच आद्याक्षरे. ह्या तिकिटांची गंमत अशी की, कोरे तिकीट थोड्या खटपटीने मिळते, वापरलेले क्वचित मिळते, आणि पाकिटावर चिकटलेले तर फारच दुर्मिळ. त्यामुळे एरवी जो शिक्का तिकिटाची किंमत कमी करतो, तोच येथे ती वाढवतो; आणि म्हणून बनावट करणारा तिकीट बनवीत नाही, शिक्का बनवतो. नांदगावचे वापरलेले तिकीट कुणी आपल्यापुढे ठेवले, तर तिकिटाकडे मागाहून पाहावे, आधी शिक्क्याकडे पाहावे.

आता शेवटचा प्रश्न. तो कुठल्याही एका भागाला नव्हे, तर सर्वांच्या क्रमाला विचारायचा असतो : आधी काय झाले आणि नंतर काय? गेल्या शतकात झां द स्पेराती नावाचा एक इटालियन गृहस्थ फ्रान्समध्ये राहून तिकिटांच्या नकला करी. तो स्वस्त, खरे, जुने तिकीट घेई. रासायनिक द्रव्यांनी त्याची छपाई पुसून टाकी, पण कागद आणि दाते तसेच ठेवी. पुष्कळदा शिक्काही राखी. मग त्यावर दुर्मिळ तिकिटाचे चित्र छापी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने पोर्तुगालला पाठवलेली काही तिकिटे फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी पकडली आणि मौल्यवान माल चोरून देशाबाहेर पाठवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला. त्याला न्यायालयात सांगावे लागले की, ही तिकिटे मौल्यवान नाहीत, मीच बनवलेली आहेत. आणि तज्ज्ञांना ते पटेना! पुढे १९५४ च्या सुमारास ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा सगळा साठाच विकत घेतला, तो बाजारात पसरू नये म्हणून. अशा नकलेत कागद खरा, दाते खरे, शिक्काही खरा. पण जो शिक्का छपाईच्या वर असावयास हवा, तो छपाईच्या खाली गेलेला असतो. तिकिटाचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे खरा ठरला तरी त्यांचा क्रम उलटा असू शकतो.

इतके सांगितल्यावर पुन्हा काकूंच्या अल्बमकडे येतो.

आम्ही तीन रविवार त्या तिकिटासाठी दिले. दाते मोजले, साडेअकराचे माप, म्हणजे असावयास हवे तेच. छपाई भिंगाखाली धरली. फोटोग्रॅव्हूरची बारीक, सारखी जाळी स्पष्ट होती. गांधीजींचा चेहरा, रंग, अक्षरे, कुठेही खोट दिसेना. मुलाचा चेहरा उजळत गेला. तिसऱ्या रविवारी आमच्या प्रयोगशाळेवाल्या मित्रांनी एका स्नेह्याकडचा सूक्ष्मदर्शक आणला आणि दिवा तिरपा लावून अधिमुद्रणाच्या शेवटच्या दोन अक्षरांवर नजर लावली. टपाल शिक्क्याची कमान त्या अक्षरांवरून जात होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग काही न बोलता उठले आणि त्यांनी आम्हां प्रत्येकाला त्या जागी बसवले. जेथे दोन्ही शाई एकमेकींना छेदत होत्या, तेथे शिक्क्याची रेघ अक्षराखाली बुडालेली होती. अक्षराची शाई अखंड, सलग, शिक्क्याच्या वरून गेलेली होती.

ह्याचा अर्थ एकच. तिकीट आधी टपालात वापरले गेले, त्यावर शिक्का बसला. आणि त्यानंतर केव्हातरी कुणीतरी त्यावर ‘सर्व्हिस’ छापले. सरकारी कचेरीत हा क्रम कधीही असा असू शकत नाही. खाली गांधीजींचे खरे तिकीट होते, तसेच राहते तर त्यालाही बऱ्यापैकी मोल होते; लाखांच्या लोभाने कुणीतरी ते कायमचे बिघडवून टाकले होते.

आम्ही मुलाला सांगितले की, आम्ही हौशी माणसे आहोत. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थांच्या तज्ज्ञ समित्या शुल्क घेऊन तिकीट तपासतात आणि छायाचित्रासह लेखी दाखला देतात. मनात शंका राहणार असेल तर तेथे पाठवावे. एखादे तिकीट खरे आहे असे म्हणायला तसाच अधिकार लागतो. खोटे म्हणायला मात्र एक विसंगती पुरे होते. त्याने सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिले, दोनदा पाहिले, आणि मान हलवली.

काकू आतापर्यंत गप्प होत्या. त्यांनी विचारले, “ह्यांना ठाऊक होते का हो?”

आम्ही त्या पेन्सिलीच्या दोन शब्दांवर बोट ठेवले. शंका त्यांना होती. पण पंधरा वर्षे आमच्या शेजारी बसूनही त्यांनी ते पान आम्हांला कधी दाखवले नव्हते. अल्बमच्या पुठ्ठ्याला मागे एक कागदी खिसा होता. त्यात कुणा फिरत्या विक्रेत्याने दिलेली एक चिठ्ठी निघाली, नाव नसलेली, फक्त रक्कम आणि वर्ष. रक्कम त्या काळच्या त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून कमी नव्हती. काकूंनी चिठ्ठीवरचे वर्ष वाचले आणि चश्मा काढून हातात धरला. “त्या दिवाळीला आम्ही गावी गेलो नाही,” त्या म्हणाल्या. “रजा मिळाली नाही असे म्हणाले होते. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या.”

आमच्यापैकी कुणालाही ह्यावर काही बोलता आले नाही. आपण सारे घरापासून लांब आलेले लोक आहोत. दिवाळीला गावी न जाणे म्हणजे काय, हे ह्या सभागृहात कुणाला सांगण्याची गरज नाही. मुलगा म्हणाला, “आई, हे तिकीट मी काढून टाकतो.” त्यावर काकू म्हणाल्या, “काढू नको. असू दे तिथेच. पण खाली लिहून ठेवा, म्हणजे नातीला पुन्हा कुणी फसवायला नको.” म्हणून आम्ही त्या दोन शब्दांच्या खाली पेन्सिलीनेच लिहिले : ‘तपासले. तिकीट खरे, अधिमुद्रण बनावट.’ आणि तारीख घातली. कर्जाचे कागद दुसऱ्या दिवशी सही होऊन गेले. नात आता शिकते आहे.

ह्या प्रसंगाने आमच्याही डोळ्यांत अंजन घातले. आपला मित्र शंका मनात ठेवून पंधरा वर्षे शेजारी बसला, आणि आम्ही मोठ्या उत्साहाने दुसऱ्यांच्या फसवणुकीच्या गोष्टी हसत हसत सांगत राहिलो. त्याने ते पान कुठल्या तोंडाने काढावे? तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. आमच्या टेबलावर खोटे ठरलेल्या तिकिटाला कुणी हसत नाही, आणि ते कितीला घेतले हे कुणी विचारत नाही. तपासणी ही तिकिटाची असते, आणणाऱ्याची नव्हे.

आता ज्यांना तिकिटांत यत्किंचितही रस नाही, त्यांच्यासाठी शेवटचे चार शब्द. आपल्या प्रत्येकाच्या घरी माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असते. तीत गावाकडची पत्रे असतात : आईची पोस्टकार्डे, वडिलांची अंतर्देशीय पत्रे, भाऊबीजेची पाकिटे. आमच्या मित्राच्या घरीही तशी एक पेटी निघाली. तीतल्या कित्येक पाकिटांचा उजवा कोपरा कापलेला होता. लहानपणी मुलाने आणि कधी त्यांनी स्वतः तिकिटांसाठी कापलेला. ती तिकिटे साधी होती, अल्बममध्ये त्यांना आज काही किंमत नाही. पण तिकीट पाकिटावरच असते, तर शिक्का कुठला, कोणत्या दिवशीचा, पत्र कुठून कुठे, किती दिवसांत पोचले, हे सगळे एकमेकांना साक्ष देत राहिले असते. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर असतो. तो सलग जुळणे ह्यासारखा दुसरा पुरावा नाही. कोपरा कापला की, तिकीट एकटे पडते, आणि मग त्याचे खरेपण सिद्ध करायला सूक्ष्मदर्शक आणावा लागतो. म्हणून पाकिटे कापू नका. तिकिटे पाण्यात भिजवून सोडवू नका. मोबाइलवरचे चित्र पाहून मोठ्या किमतीचे तिकीट घेऊ नका. चित्रात जलचिन्ह दिसत नाही आणि कोणती शाई वर, कोणती खाली, तेही कळत नाही. महाग तिकीट घेताना दाखला मागा. विकणारा दाखल्याचे नाव काढताच घाई करू लागला, तर आपण सावकाश उठून यावे.

आणि आपल्या अल्बममध्येही एखादे पान असे असेल, की जे आपण कुणाला दाखवीत नाही, तर ते घेऊन रविवारी वाचनालयात या. आम्ही सकाळी नऊपासून खिडकीपाशी असतो. आमच्या मित्राची खुर्ची अजून तेथेच आहे. येणाऱ्याला आम्ही तीवरच बसवतो.